रात्रदृष्टी दुर्बीण

रात्रदृष्टी दुर्बीण हे अतिशय मंद प्रकाशात, अथवा माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या साहाय्याने, दूरचे दृश्य पाहण्यासाठी बनविलेले प्रकाशीय उपकरण होय. मुळात लष्करी गरजेतून निर्माण झालेले हे साधन आज वन्यजीव-निरीक्षण, जंगलातील गस्त, शोध व बचावकार्य आणि शेतातील राखण यांसाठीही वापरले जाते. ही दुर्बीण प्रकाश निर्माण करीत नाही. उपलब्ध प्रकाश वाढवून किंवा त्याचे रूपांतर करून तो डोळ्यापर्यंत पोहोचविते. त्यामुळे दिसणाऱ्या प्रतिमेचा दर्जा यंत्राच्या किमतीइतकाच त्या रात्रीच्या प्रकाशावर, भिंगांच्या स्वच्छतेवर आणि पाहणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असतो.

## रात्रीचा प्रकाश आणि मानवी डोळा

प्रकाशाची दीप्ती 'लक्स' या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात ती सुमारे १,००,००० लक्स असते. पौर्णिमेच्या निरभ्र रात्री ती ०.०५ ते ०.३ लक्स इतकी उतरते. चंद्र नसलेल्या पण निरभ्र रात्री ती सुमारे ०.००२ लक्स, तर अमावास्येच्या ढगाळ रात्री सुमारे ०.०००१ लक्स असते. म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे 'अंधार' म्हटले जाते, त्याच्याही अनेक पायऱ्या आहेत आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत प्रकाशात हजारपटीहून अधिक फरक पडतो.

माणसाच्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या संवेदनशील पेशी असतात. शंकुपेशी दिवसा काम करतात व रंग ओळखतात. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. म्हणूनच चांदण्यात सर्व वस्तू करड्या दिसतात. दंडपेशींची संवेदनक्षमता सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-निळ्या प्रकाशाला सर्वाधिक असते आणि गडद तांबड्या प्रकाशाला जवळजवळ नसतेच. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पूर्ववत होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. या काळात एकदा जरी मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे पाहिले, तरी ही तयारी बऱ्याच अंशी वाया जाते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसल्यामुळे अंधुक वस्तू थेट रोखून पाहण्यापेक्षा किंचित बाजूला नजर ठेवून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसते.

कुत्रा, मांजर, बिबट्या, तरस, गाय, हरीण इत्यादी प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. त्यामुळे आत गेलेला प्रकाश दंडपेशींमधून दुसऱ्यांदा जातो आणि या प्राण्यांना मंद उजेडात माणसापेक्षा चांगले दिसते. विजेरीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात, ते याच थरामुळे. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही.

## इतिहास

गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे वळविली, त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची सुटसुटीत दुर्बीण प्रचारात आली. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये उलटी प्रतिमा सुलटी करणाऱ्या लोलकांच्या रचनेचे एकस्व घेतले. १८९४ पासून जर्मनीतील झाइस या कंपनीने लोलकयुक्त दुर्बिणी बाजारात आणल्या. याच कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये भिंगावर परावर्तनरोधक लेप देण्याची पद्धत शोधली. मंद प्रकाशातील निरीक्षणाच्या दृष्टीने हा शोध विशेष महत्त्वाचा ठरला.

अवरक्त किरणांचे दृश्य प्रतिमेत रूपांतर करणारी नळी नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत गिलेस होल्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ च्या सुमारास तयार केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व अमेरिका या दोन्ही देशांनी अशा नळ्या बंदुकांवर बसविल्या. या साधनांना स्वतःचा मोठा अवरक्त दिवा बरोबर वागवावा लागे आणि शत्रूजवळ तसेच साधन असल्यास तो दिवा आपली जागा उघड करीत असे. १९६० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, केवळ तारकाप्रकाशावर चालणारी साधने आली. त्यांना 'पहिली पिढी' म्हणतात. १९७० च्या दशकात सूक्ष्मनलिकांच्या चकतीमुळे दुसरी पिढी आणि त्यानंतर गॅलियम आर्सेनाइडच्या प्रकाशसंवेदी थरामुळे तिसरी पिढी निर्माण झाली.

भारतात या क्षेत्रातील संशोधन संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या देहरादून येथील प्रयोगशाळेत चालते. उत्पादनाच्या इतिहासात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा पुणे विभाग १९७९ मध्ये प्रतिमा-रूपांतरक नळ्यांच्या निर्मितीसाठी सुरू झाला. पुढे १९९० मध्ये डच कंपनीच्या सहकार्याने पुण्यात प्रतिमावर्धक नळ्या तयार करणारी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ती आता भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या समूहात आहे. भारतीय सेनेच्या रात्रदृष्टी साधनांतील नळ्या या कारखान्यात तयार होतात.

## प्रकार व कार्यपद्धती

### प्रतिमावर्धक दुर्बीण

पुढच्या भिंगातून येणारा मंद प्रकाश एका प्रकाशसंवेदी थरावर पडतो. प्रकाशविद्युत परिणामामुळे त्या थरातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हे इलेक्ट्रॉन निर्वात नळीत काही हजार व्होल्ट दाबाने पुढे खेचले जातात आणि फॉस्फरचा लेप दिलेल्या पडद्यावर आदळून तेथे प्रकाशमान प्रतिमा उमटवितात. नेत्रिकेतून पाहणारा मनुष्य प्रत्यक्ष दृश्य नव्हे, तर या छोट्या पडद्यावरील प्रतिमा पाहत असतो.

दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत या दोहोंच्या मध्ये केसापेक्षाही कितीतरी बारीक अशा लक्षावधी नलिकांची एक पातळ काचेची चकती बसविलेली असते. नलिकेच्या भिंतीवर आपटणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन मुक्त करतो आणि एकाचे अनेक होतात. पहिल्या पिढीत प्रकाश साधारण हजारपट वाढतो. पुढील पिढ्यांत ही वाढ दहा हजारांच्या पटींत जाते. माणसाचा डोळा हिरव्या रंगाच्या अधिक छटा ओळखू शकतो व हिरव्या प्रतिमेने कमी थकतो, म्हणून हे पडदे परंपरेने हिरवे असतात. अलीकडे पांढरट प्रतिमा देणारे फॉस्फरही वापरले जातात.

### अंकीय दुर्बीण

यात नळीऐवजी डिजिटल कॅमेऱ्यात असतो तसा सिलिकॉनचा संवेदक असतो. तो सुमारे १,००० नॅनोमीटरपर्यंतचे निकट-अवरक्त किरण टिपू शकतो. दुर्बिणीवर ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा अवरक्त दिवा बसविलेला असतो आणि त्याच्या परावर्तित प्रकाशाची प्रतिमा आतील छोट्या पडद्यावर दिसते. ८५० नॅनोमीटरचा दिवा दूरवर पोहोचतो, परंतु समोरून पाहिल्यास त्याचा अंधुक तांबूस ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा जवळजवळ अदृश्य असतो, मात्र त्याचा पल्ला कमी पडतो. दोन नेत्रिका असलेल्या अनेक स्वस्त अंकीय दुर्बिणींत संवेदक एकच असतो. दोन्ही डोळ्यांना तीच प्रतिमा दिसत असल्याने तीत खोलीची जाणीव होत नाही.

### उष्मादर्शी दुर्बीण

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण उत्सर्जित करते. उष्मादर्शी दुर्बीण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे हे किरण टिपते, म्हणून तिला चंद्रप्रकाशाचीही गरज नसते. साधी काच या किरणांना अपारदर्शक असल्यामुळे तिची भिंगे जर्मेनियमसारख्या पदार्थाची करतात आणि खिडकीच्या काचेआडून तिच्यातून बाहेरचे काही दिसत नाही. उन्हाळ्यात तापलेले खडक व जमीन प्राण्याच्या शरीराइतक्याच उष्ण असतात. अशा वेळी, विशेषतः सूर्यास्तानंतरच्या पहिल्या काही तासांत, प्राणी पार्श्वभूमीत मिसळून जातो.

| प्रकार | लागणारा प्रकाश | विशेष गुण | मर्यादा |
|---|---|---|---|
| प्रतिमावर्धक | चंद्र-तारकांचा प्रकाश | नैसर्गिक व सलग प्रतिमा | प्रखर उजेडाने इजा होऊ शकते. किंमत अधिक |
| अंकीय | बहुधा स्वतःचा अवरक्त दिवा | दिवसाही वापरता येते, चित्रण करता येते | पल्ला दिव्यापुरता. बॅटरी लवकर संपते |
| उष्मादर्शी | आवश्यकता नाही | प्राण्याचे अस्तित्व त्वरित कळते | बारकावे दिसत नाहीत. किंमत सर्वाधिक |

## साध्या दुर्बिणीचा रात्रीचा उपयोग

पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री अथवा संधिप्रकाशात चांगली साधी दुर्बीणही बरेच काही दाखविते. दुर्बिणीवर लिहिलेल्या ७×५० यासारख्या आकड्यांतील पहिला आकडा वर्धनाचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा असतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागल्यास नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. तो ७×५० मध्ये सुमारे ७.१ मिलिमीटर, ८×४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये केवळ २.५ मिलिमीटर असतो. व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश मिळत असल्याने ७×५० ची प्रतिमा १०×२५ च्या आठपट तेजस्वी ठरू शकते.

तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते; साठीनंतर ती बहुधा ५ मिलिमीटरच्या आसपासच उघडते. त्याहून रुंद झोत डोळ्यात शिरत नाही. त्यामुळे ज्येष्ठ निरीक्षकास ७×५० ची जड दुर्बीण ८×४२ पेक्षा विशेष उजळ दिसत नाही. भिंगावरील लेपही तितकाच महत्त्वाचा आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे बारा पृष्ठभाग असल्यास सुमारे ४० टक्के प्रकाश वाटेतच नाहीसा होतो.

## अंतर आणि ओळख

जाहिरातींत दिलेला 'पल्ला' हा शब्द दिशाभूल करू शकतो. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये प्रतिमेतील बारकाव्यांच्या तीन पातळ्या मांडल्या: 'काहीतरी आहे' हे कळणे, ते कोणत्या वर्गातील आहे हे ओळखणे आणि ते नेमके काय आहे याची निश्चिती करणे. ओळखण्यासाठी केवळ अस्तित्व कळण्याच्या सुमारे चौपट आणि निश्चितीसाठी सहापटीहून अधिक बारकावा लागतो. त्यामुळे ३०० मीटरवर 'दिसणारा' प्राणी नेमका कोणता हे ५० मीटरच्या आत आल्याखेरीज सांगता येईलच असे नाही.

महाराष्ट्रातील ग्रामीण भागात या फरकाला व्यावहारिक महत्त्व आहे. बिबट्या, पट्टेरी तरस आणि मोठा कुत्रा यांच्या खांद्यापर्यंतच्या उंचीत फार अंतर नसते आणि रात्रदृष्टी प्रतिमेत रंग नसतात. दुरून अंगावरील ठिपके व पट्टे विरून जातात. अशा वेळी आकारापेक्षा ठेवण पाहावी लागते. तरसाची पाठ खांद्याकडून मागे उतरती असते व मानेवर आयाळ असते. बिबट्याचे शरीर लांब व जमिनीलगत दिसते, शेपूट लांब असून टोकाशी वर वळलेली असते. कुत्र्याचे पाय शरीराच्या मानाने लांब दिसतात. डोळ्यांच्या चमकेचा रंग पाहण्याच्या कोनानुसार बदलतो, म्हणून केवळ त्यावरून प्राणी ठरविणे योग्य नाही. चुकीची ओळख दोन्ही बाजूंनी घातक असते: कुत्र्याला बिबट्या समजल्यास गावात अकारण घबराट पसरते आणि बिबट्याला कुत्रा समजल्यास जीव धोक्यात येतो.

## महाराष्ट्रातील उपयोग

### पाणवठ्यावरील गणना

महाराष्ट्रातील अभयारण्ये व व्याघ्रप्रकल्पांत दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची पद्धत आहे. अलीकडे ती 'निसर्गानुभव' या नावाने राबविली जाते. वैशाख महिन्यात बहुतेक पाणवठे आटलेले असतात, प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात आणि पूर्ण चंद्राचा प्रकाश मिळतो, अशा तिहेरी सोयीमुळे ही रात्र निवडली गेली. हे निरीक्षण मुख्यतः उघड्या डोळ्यांनी व साध्या दुर्बिणीने करता येते. शास्त्रीय संख्या-अंदाजासाठी मात्र आता स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेतला जातो.

विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात अशाच कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट लोकवस्तीच्या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच प्रौढ तरसे असल्याचे त्यातून दिसून आले. माणूस झोपेत असताना त्याच्या शेताच्या बांधावरून काय जात असते, याची कल्पना या अभ्यासाने आली.

### पाचोड व पैठण परिसर

पाचोड हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील, संभाजीनगर–बीड महामार्गावरील गाव मोसंबीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. मोसंबीच्या बागा, कपाशी व तुरीची शेते, मधली माळराने आणि गोदावरीकाठचा उसाचा पट्टा असे या परिसराचे स्वरूप आहे. रानडुक्कर, रोही, कोल्हा, खोकड, ससा, पिंगळा, गव्हाणी घुबड व रातवा हे अशा शेतीप्रदेशातील रात्री वावरणारे प्राणी-पक्षी होत. नदीकाठच्या उसात बिबट्याचा वावर आढळल्याच्या बातम्याही अलीकडे वारंवार येतात.

राज्यातील कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्याला अनेकदा मध्यरात्री पाणी देण्यासाठी शेतात जावे लागते. दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. ज्यांना अद्याप रात्री दारे धरावी लागतात, त्यांच्यासाठी रात्रदृष्टी दुर्बीण हे बाग किंवा बांध दुरून न्याहाळण्याचे एक साधन ठरू शकते. परंतु ती संरक्षणाचे साधन नव्हे. दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते व तिच्यातून पाहताना पायाजवळचे काही दिसत नाही. म्हणून चालताना विजेरी, हातात काठी, पायात बूट आणि बोलत चालणारा सोबती यांचे महत्त्व कमी होत नाही. बिबट्याची खात्री पटल्यास जवळ न जाता वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळविता येते.

याच तालुक्यात जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय आहे. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व ते १९७६ मध्ये पूर्ण झाले. १९८६ मध्ये जलाशय परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके व पाणपक्षी उतरतात. अनेक बदके संध्याकाळनंतर चरावयास निघतात, त्यामुळे सूर्यास्तानंतरचा अर्धा तास हा मोठ्या भिंगाच्या साध्या दुर्बिणीने निरीक्षण करण्यास उत्तम मानला जातो.

### घुबडांचे निरीक्षण

घुबडाला अशुभ मानण्याच्या समजुतीमुळे त्याची हत्या होते, वस्तुतः उंदीर खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा साहाय्यक आहे. या विषयी जागृती करण्यासाठी पुणे जिल्ह्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ मध्ये उलूक महोत्सव भरविला होता. घरट्याजवळ विजेरीचा झोत टाकल्यास पक्षी विचलित होतात. दूर अंतरावरून रात्रदृष्टी दुर्बीण वापरल्यास हा त्रास बराच टळतो.

## निगा

रात्रीच्या निरीक्षणात प्रकाश आधीच तुटपुंजा असतो. दिवसा लक्षातही न येणारा भिंगावरील बोटाचा ठसा रात्री चंद्राच्या किंवा दूरच्या दिव्याच्या प्रकाशाचे धुके पसरवितो आणि प्रतिमेचा उठाव घालवितो. म्हणून साध्या आणि रात्रदृष्टी अशा दोन्ही दुर्बिणींना नियमित निगा आवश्यक असते.

### धूळ आणि पुसण्याची रीत

मराठवाड्यातील उन्हाळी वाऱ्याबरोबर उडणाऱ्या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कणही असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. असे कण असलेले भिंग सदऱ्याच्या टोकाने, उपरण्याने किंवा रुमालाने पुसल्यास लेपावर बारीक ओरखडे उमटतात. हे ओरखडे पुन्हा दुरुस्त होत नाहीत. योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे:

1. दुर्बीण उलटी धरून रबरी फुंकणीने सुटी धूळ उडवावी. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे तुषार पडतात.
2. उरलेली धूळ मऊ केसांच्या, केवळ याच कामासाठी राखलेल्या कुंचल्याने हलकेच झाडावी.
3. तेलकट डाग असल्यासच भिंग पुसण्याच्या कागदावर किंवा मायक्रोफायबर कापडावर भिंग-स्वच्छतेच्या द्रवाचे एक-दोन थेंब घ्यावेत. द्रव थेट काचेवर टाकू नये, तो कडेच्या फटीतून आत उतरतो.
4. मध्यापासून कडेकडे गोल फिरवीत, दाब न देता पुसावे आणि कापडाचा मळलेला भाग पुन्हा वापरू नये.

वारंवार पुसणे हेही नुकसानकारकच आहे. धुळीचे दोन-चार कण प्रतिमेत दिसत नाहीत. ते घालविण्याच्या खटाटोपात पडलेला ओरखडा मात्र कायम राहतो. उष्मादर्शी दुर्बिणीच्या जर्मेनियम भिंगासाठी निर्मात्याने सांगितलेलीच पद्धत वापरावी.

### दमटपणा आणि बुरशी

पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५–७० टक्क्यांच्या वर राहिल्यास भिंगांवर बुरशी वाढू शकते. आरंभी ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तिने स्रवलेली आम्ले काचेचा लेप व नंतर काचही कोरतात. बुरशी काढून टाकली तरी तिचा माग उरतो. अंधार, ओलावा आणि कोंदट हवा तिला पोषक असते. म्हणून चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात बंद ठेवलेली दुर्बीण सर्वाधिक धोक्यात असते.

घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण ठेवणे हा सोपा व स्वस्त उपाय आहे. डब्यात लहानसा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. फार कोरड्या हवेत आतील वंगण व रबर खराब होते. निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते व तापवून वाळविल्यास पुन्हा निळे होते. निळ्या प्रकारात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी संयुग असल्याने ते स्वयंपाकाच्या भांड्यांत तापवू नये. महिन्यातून एकदा दुर्बीण बाहेर काढून वापरणे हाही बुरशीवरचा उपाय आहे. नायट्रोजन वायू भरून मोहरबंद केलेल्या दुर्बिणींत आतील बाजूस बुरशी सहसा होत नाही; बाहेरील पृष्ठभागांची काळजी मात्र घ्यावीच लागते.

### दव आणि उष्णता

हिवाळ्यातील पहाटे बाहेर थंड झालेली दुर्बीण उबदार खोलीत आणताच तिच्यावर वाफ धरते. ती बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आत आणावी आणि तापमान सारखे झाल्यावर उघडावी. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत दुर्बीण ठेवल्यास भिंगे व लोलक धरून ठेवणारा डिंक सैल पडू शकतो, वंगण पातळ होऊन काचेवर पसरते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. दुर्बीण पडल्यावर दोन्ही नळ्यांची जुळणी बिघडते व एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. ही दुरुस्ती घरी उघडून करण्यासारखी नसते.

### नळी आणि बॅटरी

प्रतिमावर्धक नळीचा शत्रू म्हणजे प्रखर उजेड. दिवसा ती सुरू करू नये. करावयाचीच असल्यास पुढच्या भिंगावरील सूक्ष्म छिद्राचे झाकण लावूनच करावी. बंद असतानाही तिचे तोंड सूर्याकडे राहू देऊ नये, कारण भिंगाने एकवटलेले ऊन प्रकाशसंवेदी थर जाळू शकते. एकाच तेजस्वी दिव्यावर दीर्घकाळ रोखल्यास पडद्यावर कायमचा डाग पडतो. नळीचे आयुष्य तासांत मोजले जाते, म्हणून काम संपताच ती बंद करणे हितावह ठरते. दुर्बीण काही आठवडे वापरावयाची नसल्यास बॅटरी काढून ठेवावी. अल्कलाइन बॅटरीतून गळणारा क्षार धातूचे संपर्कबिंदू खाऊन टाकतो.

## निरीक्षणाची शिस्त व कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात अभ्यास, छायाचित्रण किंवा पर्यटनासाठी प्रवेश करण्यास वनविभागाची परवानगी आवश्यक असते. हा नियम साध्या व रात्रदृष्टी अशा दोन्ही दुर्बिणींसह जाणाऱ्यांना सारखाच लागू आहे. याच कायद्यानुसार वन्य प्राण्यास हाकणे, आमिष दाखविणे किंवा पकडण्याचा प्रयत्न करणे यांचा समावेश 'शिकार' या संज्ञेत होतो. रात्रदृष्टी साधनांचा शिकारीसाठीही दुरुपयोग होऊ शकत असल्याने गस्तीवरील वनकर्मचाऱ्यांना निरीक्षणाची पूर्वकल्पना देणे योग्य ठरते. अनेक देशांनी प्रगत प्रतिमावर्धक नळ्यांच्या निर्यातीवर संरक्षणविषयक निर्बंध घातले आहेत.

अंधार हाही निशाचर प्राण्यांच्या अधिवासाचा भाग आहे, ही जाणीव आता वाढत आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथे परिसरातील गावांमधील पथदिवे जमिनीकडे तोंड करून बसविण्यात आले. अशा ठिकाणी कृत्रिम झोत न टाकता पाहणे ही निरीक्षणाची मूलभूत शिस्त मानली जाते. नोंदवहीत प्राण्याच्या नावाबरोबर वेळ, अंदाजे अंतर, चंद्राची स्थिती आणि ओळख 'निश्चित', 'संभाव्य' की 'केवळ अस्तित्व' हेही लिहावे. अशी नोंदच पुढे अभ्यासास उपयोगी पडते.